व्हिसेरा राखून ठेवला आहे

वऱ्हाडात विषबाधेनं गेलेल्या माणसाच्या शवविच्छेदन अहवालाचं शेवटचं पान काढून पाहा. रुग्णालय दर्यापूरचं असो, मूर्तिजापूरचं, अकोटचं की धारणीचं, मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच मजकूर सापडतो: व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी जतन केला आहे, अहवाल येईपर्यंत अभिप्राय राखून ठेवला आहे. व्हिसेरा म्हणजे प्रेतातून काढून घेतलेले आतले अवयव. डॉक्टरांच्या दृष्टीनं हे वाक्य बिनचूक आहे. डोळ्यांना दिसलं तेवढ्यावर विषाचं नाव लिहू नये, हा न्यायवैद्यकाचा पहिला धडा. पण घरच्यांचं वाट पाहणं या वाक्यापासून सुरू होतं. पोलीस ठाणं, तहसील, तालुका कृषी कार्यालय अशा चकरा सुरू होतात आणि प्रत्येक टेबलापुढे "साहेब, रिपोट आला काय जी?" हा एकच प्रश्न विचारला जातो.

हा रिपोर्ट म्हणजे काय, तो कुठे तयार होतो, त्याला एवढा वेळ का लागतो आणि आल्यावरही तो कधीकधी काहीच का सांगत नाही, हे अमरावती-अकोल्याच्या माणसाला माहीत असायला हवं. शवविच्छेदन म्हटलं की खून, डाव्या-उजव्या जखमा, आरोपीचा वकील असं चित्र डोळ्यांपुढे येतं. या भागातल्या शवागारांत त्याहून कितीतरी अधिक वेळा येतो तो फवारणी करणारा, औषध प्यालेला, साप चावलेला, विजेचा धक्का बसलेला किंवा विहिरीत पडलेला माणूस. त्याच्या मृत्यूचं कारण कागदावर काय लिहिलं जातं, यावर मागे राहिलेल्या बाईचं आणि पोरांचं पुढचं बरंच काही ठरतं.

माणूस रुग्णालयात दगावला की तिथल्या पोलीस चौकीतून ठाण्याला कळवलं जातं आणि ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून या तपासाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागू आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १७४ ची जागा त्यानं घेतली. पोलीस अधिकाऱ्यानं पंचांसमक्ष प्रेत पाहायचं, अंगावरच्या खुणा लिहायच्या, पंचनामा करायचा आणि संशयाला जागा असेल तर प्रेत शवविच्छेदनाला पाठवायचं, ही चौकट तीच राहिली. नवं आहे ते वेळेचं बंधन: हा अहवाल आता २४ तासांच्या आत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जायला हवा. लग्नाला सात वर्षं पुरी झाली नसताना स्त्री दगावली तर तिचा तपास वेगळ्या काटेकोरपणे होतो. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाते.

या साखळीत पंचनाम्याचं मोल कोणी ध्यानात घेत नाही. डॉक्टरांच्या हाती प्रेत येतं तेव्हा सोबत पोलिसांचं एक पत्र असतं. त्यात पुष्कळदा "विषारी औषध प्राशन केल्याने मयत" एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं औषध? डबा सापडला का? डब्यावर नाव काय होतं? आदल्या दिवशी शेतात फवारणी झाली होती का? अंगावरचे कपडे ओले होते का? हे लिहिलेलं असेल तर डॉक्टर कोणता नमुना घ्यायचा ते ठरवू शकतात आणि प्रयोगशाळा नेमकं काय शोधायचं ते. नुसतं "औषध" लिहून आलं तर प्रयोगशाळेला सगळंच शोधत बसावं लागतं आणि त्यात महिने जातात.

आता शवविच्छेदनाच्या टेबलाकडे. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यायवैद्यकशास्त्राचा स्वतंत्र विभाग काम करतो. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे, पण शासकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं. तोवर सारा भार जिल्हा सामान्य रुग्णालयावर, म्हणजे लोकांच्या इर्विनवर होता. या दोन जिल्ह्यांत शहराबाहेर मात्र शवविच्छेदन करतो तो साधा एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी बाळंतपण आणि मध्येच पोलिसांचं पत्र. प्रत्यक्ष कापाकापी अनेक ठिकाणी सफाई कर्मचारी किंवा रोजंदारीवर बोलावलेला माणूस करतो आणि डॉक्टर शेजारी उभं राहून लिहून घेतात. या कामगारांना ना रीतसर प्रशिक्षण, ना धड हातमोजे, ना मान. शरीरातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा ज्यांच्या हातून बाहेर येतो, त्यांना कोणीच काही शिकवलेलं नसतं. आपल्या मृत्यू-तपासातली सर्वांत मोठी त्रुटी मला हीच वाटते आणि ती यंत्रांनी भरून निघणारी नाही.

मृत्यूची वेळ काढणं हा कथा-चित्रपटांचा आवडता भाग, पण अकोल्याच्या मे महिन्यात तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. पाठ्यपुस्तकं सांगतात की मेल्यानंतर शरीर हळूहळू थंड होत भोवतालच्या तापमानाला येतं आणि त्यावरून तास मोजता येतात. भोवतालचं तापमानच ४५ अंश असेल तर शरीर थंड होणार कसं? अशा उन्हात पडलेलं प्रेत उलट तापत जातं. कुजण्याची प्रक्रियाही वेगानं सुरू होते. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग दिसू लागतो आणि जतन करायचं रक्त काही तासांत बिघडतं. म्हणून वऱ्हाडातल्या ग्रामीण रुग्णालयात चालू स्थितीतलं शवशीतकपाट असणं ही चैन मानू नये, तो पुरावा सांभाळण्याचा भाग आहे.

उष्णतेचा मृत्यू हा तर शवविच्छेदनापुढचा मोठा पेच. २०२४ च्या मे अखेरीस अकोला जिल्ह्यात उन्हामुळे कलम १४४ लावून कामाच्या आणि शिकवणीच्या वेळांवर बंधनं घालावी लागली होती. त्याच वर्षी राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रानं उष्णतेच्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्याचं सार असं की उष्माघाताची अशी एकही खूण शरीरात सापडत नाही, जी पाहून खात्रीनं निदान करावं. कोसळताना शरीराचं तापमान किती होतं, माणूस कुठे, किती वेळ, काय काम करत होता आणि दुसरं कारण वगळता येतं का, यावरच हा निर्णय उभा राहतो. म्हणजे रुग्णाला आणल्या आणल्या परिचारिकेनं थर्मामीटर लावून आकडा लिहिला असेल तर उष्माघात कागदावर येतो. लिहिला नसेल तर तोच मृत्यू "हृदयविकार" या नावानं नोंदला जातो.

आता विषाकडे यावं. इथे थोडं थांबणं भाग आहे.

वऱ्हाडात विषबाधेचे जे रुग्ण येतात, त्यांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचं नाव सतत येतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही कपाशीच्या शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेली नावं याच गटातली. आपल्या मज्जातंतूंमधून स्नायूंकडे आणि ग्रंथींकडे संदेश नेण्याचं काम ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन करतं. संदेश पोहोचला की कोलिनेस्टरेज नावाचं विकर त्या रसायनाचे तुकडे करून जागा मोकळी करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या विकरालाच निकामी करतं. मग संदेश थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू थरथरतात, फुप्फुसांत स्राव भरतो आणि श्वास बंद पडतो. शवविच्छेदनात डॉक्टरांना नाका-तोंडाशी फेस, रक्तानं भरलेली फुप्फुसं, जठराच्या आतल्या आवरणाची लाली दिसते, पोट उघडताच रॉकेलसारखा किंवा लसणासारखा उग्र वास येतो. हे सगळं दिसलं तरी ते संशय बळावणारं असतं. विषाचं नाव त्यातून ठरत नाही.

म्हणून व्हिसेरा. जठर त्यातल्या द्रवासह, लहान आतड्याचा वरचा भाग, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग, प्लीहा. हे रुंद तोंडाच्या बाटल्यांत मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. बाटली काठोकाठ भरायची नाही, कारण आत वायू तयार होतो. रक्त वेगळ्या नळीत, सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट घालून. वापरलेल्या मिठाच्या द्रावणाचा नमुनाही वेगळा पाठवायचा, म्हणजे उद्या कोणी "विष मिठातच होतं" असं म्हणू नये. लाखेची मोहोर, लेबल, मोहरेचा ठसा, यादी आणि मग शिपायाच्या हातून प्रवास. न्यायालयात खटले अनेकदा याच प्रवासावर पडतात. बाटली कुठल्या तारखेला निघाली, मध्ये किती दिवस ठाण्याच्या मुद्देमालात पडून होती, मोहोर शाबूत होती का, याची उत्तरं नोंदवहीत नसतील तर उत्तम तपासणीही हात टेकते.

भारतात असं काम करणारी पहिली रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा मद्रासला १८४९ मध्ये निघाली. नंतर कलकत्ता, आग्रा आणि १८७० मध्ये मुंबई. महाराष्ट्राचं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय आज मुंबईत कालिन्याला आहे आणि अमरावतीत त्याची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. पोलिसांच्या आणि रुग्णालयांच्या बोलण्यात मात्र आजही "सीए रिपोर्ट", म्हणजे केमिकल ॲनालायझरचा अहवाल, हाच शब्द आहे.

प्रयोगशाळेत आधी अवयवांच्या लगद्यातून विष द्रावकांनी वेगळं काढावं लागतं. मग पातळ थरावरच्या रंगलेखनासारखी जुनी, स्वस्त चाचणी किंवा वायू-रंगलेखनाला वस्तुमान वर्णपटमापक जोडलेलं महागडं यंत्र. नव्या पिढीतल्या द्रव-रंगलेखन यंत्रांना रक्तातले अत्यल्प अंशही पकडता येतात. एका व्हिसेऱ्यावर नीट काम करायचं तर तज्ज्ञ माणसाचे तास खर्ची पडतात. विषबाधेच्या बाटल्यांची रांग, त्यात दारू, अमली पदार्थ, डीएनए अशी इतर कामं, आणि माणसं मोजकी. उशीर इथे साचतो.

आणि एवढं होऊन अहवाल येतो: "विष आढळले नाही."

घरच्यांना वाटतं की आपला माणूस विषानं मेलाच नाही, किंवा कुणीतरी काही दडपलं. दोन्ही समज बहुधा चुकीचे असतात. माणूस रुग्णालयात चार-सहा दिवस जगला असेल, त्याचं पोट नळीनं धुतलं गेलं असेल, शरीरानं विषाचं रूपांतर करून ते बाहेर टाकलं असेल, तर मेल्यावर जठरात काय सापडणार? पॅराक्वाटसारख्या तणनाशकात तर मृत्यू काही वेळा दोन-तीन आठवड्यांनी, फुप्फुसं घट्ट होत जाऊन येतो. तोवर पोटात त्याचा मागमूस नसतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडपासून तयार होणारा फॉस्फिन वायू बाटलीचं झाकण नीट नसेल तर निसटून जातो. सर्पविष तर या रासायनिक चाचण्यांत दिसतच नाही. मण्यार चावलेल्या माणसाच्या अंगावर सूज नसते, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणतो, पापण्या मिटायला लागतात आणि श्वास थांबतो. असा मृत्यू "कारण अज्ञात" म्हणून नोंदला गेल्याची उदाहरणं न्यायवैद्यकाच्या प्रत्येक विभागात सापडतील. २००५ या एका वर्षात भारतात सर्पदंशानं सुमारे ४६ हजार माणसं गेली असा अंदाज मिलियन डेथ स्टडी या मोठ्या अभ्यासानं मांडला, तेव्हा रुग्णालयांतून गोळा होणारे सरकारी आकडे त्याच्या लहानशा अंशाएवढे होते. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि राज्यांना प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं, ते याच कारणानं.

विष आढळलं नाही, याचा अर्थ विष नव्हतं असा होत नाही. हे वाक्य प्रत्येक तहसील कार्यालयाच्या भिंतीवर लावावं असं मला मनापासून वाटतं.

२०१७ चा पावसाळा या सगळ्याची मोठी परीक्षा घेऊन गेला. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर शेकड्यांनी दाखल झाले. वीसहून अधिक माणसं गेली. अकोल्यातही रुग्ण येत होते. या लोकांनी औषध प्यालेलं नव्हतं. कपाशी त्या वर्षी माणसाच्या छातीच्या, डोक्याच्या उंचीला गेली होती. बोंडअळीच्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. बॅटरीवरच्या पंपांतून निघणारे बारीक तुषार तोंडावर येत होते आणि दमट उकाड्यात अंगावर पुरेसे कपडेही नव्हते. विष कातडीतून आणि श्वासातून आत गेलं होतं.

अशा मृत्यूच्या शवविच्छेदनात पोट उघडून काय कळणार? जठर रिकामं असतं. इथे रक्तातल्या कोलिनेस्टरेजची पातळी, लघवी, कातडी, अंगावरचे कपडे आणि फवारलेल्या औषधाचा डबा हेच खरे साक्षीदार. कोलिनेस्टरेजची तपासणी काही फार अवघड गोष्ट नव्हे. जिवंत रुग्णात तिच्यावरून उपचाराची दिशा ठरते आणि प्रेत थंड ठेवलेलं असेल तर मृत्यूनंतरच्या रक्तातही ती काही काळ करता येते. पण ज्या जिल्ह्यात दर पावसाळ्यात असे रुग्ण येतात, तिथल्या मुख्य रुग्णालयात त्या हंगामात ही सोय नव्हती. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेंथ्युरॉन यांच्यासह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घातली गेली.

यातलं डायफेंथ्युरॉन लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते ऑर्गॅनोफॉस्फेट नाही. त्यामुळे कोलिनेस्टरेजची चाचणी त्याचा पत्ता देत नाही आणि ॲट्रोपिन हे नेहमीचं औषधही त्याच्यावर उतारा म्हणून चालत नाही. म्हणजे "फवारणीची विषबाधा" या एका नावाखाली निदान दोन वेगळे आजार होते, आणि ते वेगळे करायला डब्यावरचं नाव किंवा प्रयोगशाळेतलं चांगलं यंत्र लागलं असतं. पुढे २०२१ मध्ये यवतमाळमधल्या दोन मृतांच्या कुटुंबांनी आणि एका वाचलेल्या शेतकऱ्यानं स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या न्यायालयात सिंजेंटा कंपनीवर दावा लावला. डायफेंथ्युरॉन असलेलं तिचं "पोलो" हे औषध या विषबाधेला कारण झालं, असं त्यांचं म्हणणं. कंपनीनं ते नाकारलं. यवतमाळच्या ठाण्यात आणि वॉर्डात त्या पावसाळ्यात कोणी काय लिहून ठेवलं, कुठल्या डब्याचं नाव नोंदवलं, हे कागद सातासमुद्रापलीकडे पुरावा म्हणून उघडले गेले. लिहिणाऱ्याला तेव्हा याची कल्पनाही नसेल.

या सगळ्याचा पैशाशी थेट संबंध येतो. अमरावती विभागात अलीकडच्या वर्षांत वर्षाला हजाराहून अधिक शेतकरी आत्महत्यांची नोंद होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये शेतीक्षेत्रातल्या देशभरच्या ११,२९० आत्महत्यांपैकी ४,२४८ एकट्या महाराष्ट्रात होत्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणारी एक लाखाची मदत २००६ च्या शासन निर्णयावर उभी आहे. जिल्हा समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. दुसरीकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. तिच्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणं, बुडणं आणि कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा तिच्यात बसते, आत्महत्या बसत नाही. तेच शेत, तेच मोनोक्रोटोफॉस, रक्तात तोच अंश. एका प्रकरणात अपघात, दुसऱ्यात आत्महत्या.

शवविच्छेदन करणारा डॉक्टर हे ठरवू शकतो का? फार थोडं. विष तोंडावाटे गेलं की कातडीतून, याबद्दल तो काही सांगू शकेल, तेही नमुने नीट घेतले असतील तर. माणसाच्या मनात काय होतं, हे शरीरात लिहिलेलं नसतं. आपल्याकडे डॉक्टर मृत्यूचं कारण सांगतो. मृत्यू कसा घडला, अपघात की आत्महत्या की घातपात, हे तपास अधिकारी परिस्थितीवरून ठरवतो. म्हणून मी पंचनाम्यावर एवढा जोर देतो. पंप कुठे पडला होता, हौद भरलेला होता का, अंगाला औषधाचा वास येत होता का, हे त्या पहिल्या तासात लिहिलं नाही तर पुन्हा कधीच लिहिता येत नाही. नव्या संहितेतलं कलम १७६ सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक पथकानं घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्यानं बंधनकारक करतं, आणि महाराष्ट्रात २०२५ पासून त्यासाठी फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्याही आल्या. पण नुसत्या मर्गाच्या ठिकाणी, म्हणजे गुन्हा दाखल नसताना, ही गाडी जायलाच हवी असं कायदा म्हणत नाही. शेतातल्या मृत्यूचे बहुतेक पंचनामे अजून बीट जमादाराच्याच हातचे आहेत.

देशात शवविच्छेदनाची पद्धत मात्र वेगानं बदलते आहे. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात १९९० च्या दशकाअखेर न कापता, सीटी स्कॅननं प्रेताची तपासणी करण्याचं तंत्र आकाराला आलं. दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१ मध्ये त्याची सोय सुरू झाली. मोडलेली हाडं, शरीरात अडकलेली गोळी, जिथे नसावी तिथे साठलेली हवा, हे स्कॅन उत्तम दाखवतो आणि घरच्यांना न फाडलेलं प्रेत मिळतं. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. अपघातात गेलेल्या लेकराला पुन्हा कापू नका म्हणून शवागारापुढे हात जोडणारे आईबाप ज्यांनी पाहिलेत, त्यांना ते सांगावं लागणार नाही. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनंही संसर्गाच्या भीतीनं कापाकापी टाळून बाहेरून तपासणीचा आग्रह धरला होता. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात सुईनं अवयवांचे छोटे नमुने घेऊन बालमृत्यूंची कारणं शोधण्याचे प्रयोग झाले. पण स्कॅनमध्ये विष दिसत नाही. वऱ्हाडात उद्या यंत्र आलं तरी रक्ताची नळी भरावीच लागेल आणि ती अमरावतीच्या प्रयोगशाळेच्या रांगेतच उभी राहील. पैसा मर्यादित असेल तर तो आधी त्या रांगेवर खर्च व्हावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायचं नाही हा इंग्रजांच्या काळापासूनचा नियम केंद्रानं १५ नोव्हेंबर २०२१ ला सैल केला. पुरेसा प्रकाश आणि सोयी असतील तर रात्रीही करता येईल, मात्र चित्रीकरण करायचं. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं प्रेत किंवा घातपाताचा संशय असेल तर, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसल्यास, दिवसाच. मेळघाटातून चिखलदऱ्याचा घाट उतरून प्रेत आणणाऱ्या माणसांना ही सवलत किती मोलाची, ते वेगळं सांगायला नको. प्रश्न जनरेटरचा आणि रात्री उपलब्ध असलेल्या डॉक्टरचा आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं हरियाणात तयार केलेली, शवविच्छेदन अहवाल संगणकावर लिहिण्याची प्रणालीही आता इतर राज्यांत पोहोचते आहे. डॉक्टरांचं न वाचता येणारं अक्षर गेलं, तर एवढ्यानंही कोर्टातले कितीतरी तास वाचतील.

मेळघाटाचा उल्लेख आलाच आहे, तर तिथल्या एका वेगळ्या शवविच्छेदनाबद्दल सांगायला हवं. तिथे पुष्कळ माणसं घरी मरतात, डॉक्टरच्या नजरेस न पडता. देशात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना वैद्यकीय प्रमाणपत्र होतं, हे ध्यानात घेतलं तर मेळघाटाचं नवल वाटायला नको. अशा वेळी प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जाऊन शेवटच्या आजाराची सगळी हकिकत विचारतो, ताप किती दिवस, श्वास कसा, खोकला, सूज, आणि ती नोंद वाचून डॉक्टर संभाव्य कारण ठरवतात. याला तोंडी शवविच्छेदन म्हणतात. धारणीजवळ उतावलीला काम करणाऱ्या डॉ. आशिष सातव आणि त्यांच्या "महान" या संस्थेनं कोरकू पाड्यांवरच्या मृत्यूंचा अशाच पद्धतीनं अभ्यास केला. एका माणसाच्या बाबतीत ही पद्धत चुकू शकते. शेकडो मृत्यूंचा हिशेब मांडला की गावाला कोणता आजार खातो आहे, ते दिसायला लागतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेली दुरुस्ती रुग्णालयाला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरला मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायला लावते आणि त्याची प्रत नातेवाईकांना मिळायला हवी असं सांगते. डॉक्टर जिथे पोहोचतच नाही, तिथे अजून त्या कार्यकर्त्याच्या वहीलाच पर्याय नाही.

वाचणाऱ्यानं एवढं तरी मनात ठेवावं. विषबाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना औषधाचा डबा, निदान त्याचं लेबल सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवून केसपेपरवर त्याचं नाव लिहायला सांगा. फवारणी करताना त्रास झाला असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि अंगावरचे कपडे धुऊ नका, पोलिसांच्या स्वाधीन करा. पोट धुतलं तर पहिल्या धुण्याचा द्रव जपून ठेवण्याची विनंती करा, कारण माणूस पुढे चार दिवस जगला तर विषाचा पुरावा त्यातच उरलेला असतो. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. मर्ग क्रमांक, शवविच्छेदन क्रमांक आणि व्हिसेरा ठाण्यातून कोणत्या तारखेला रवाना झाला, हे लिहून घ्या आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागा. "विष आढळले नाही" असा अहवाल आला म्हणून मदतीचा अर्ज मागे घेऊ नका. उपचाराचे कागद जोडून डॉक्टरांकडे अंतिम अभिप्राय मागा, कारण तो अभिप्राय देताना प्रयोगशाळेच्या अहवालासोबत वॉर्डातली लक्षणंही धरता येतात. आणि घरात, शेजारी कुणी खचून गेलेलं दिसलं, तर औषधाचे डबे कुलपात ठेवा, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर फोन लावा.